‘बरं वाटलं की जाईन’ : उतरलेलं मन वर कसं येतं?

माझी मावशी मिरजेला असते. काका गेल्यानंतर सहा-सात महिन्यांनी मी तिच्याकडे चार दिवस राहायला गेले होते. घर जिथल्या तिथे होतं, देवपूजा होत होती, दोन वेळचा स्वयंपाक होत होता. फक्त कोपऱ्यातल्या पेटीवरची लोकरीची खोळ धुळीनं करडी झाली होती. पंचवीस वर्षं मावशी दर गुरुवारी भजनी मंडळात पेटीवर बसत आली होती. "मंडळात जात नाहीस का?" मी विचारलं. पोळी लाटता लाटता ती म्हणाली, "बरं वाटलं की जाईन गं."

हे वाक्य आपण सगळेच बोलतो. मूड आला की लिहीन, डोकं शांत झालं की फोन करीन, उत्साह वाटला की सकाळी चालायला जाईन. ऐकायला ते शहाणपणाचंच वाटतं. पाय मुरगळला की आधी त्याला विश्रांती द्यायची, तसंच मनाचंही असणार असं आपण धरून चालतो. पण खचलेल्या मनावर गेल्या पन्नास वर्षांत जो अभ्यास झाला, तो याच्या बरोबर उलटं सांगतो: आधी जायचं, मग बरं वाटतं. आणि त्याचा एक भक्कम पुरावा आपल्या शेजारच्या गोव्यातल्या सरकारी आरोग्य केंद्रांतून आला आहे.

दर वर्षी १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनाच्या निमित्तानं, मनाची काळजी घ्या असं सगळीकडे छापून येतं. काळजी घ्यायची म्हणजे सकाळी उठून नेमकं काय करायचं, हे मात्र मावशीसारख्या माणसापर्यंत क्वचितच पोहोचतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दुःख आणि नैराश्य

ज्यांना ‘नकारात्मक भावना’ म्हणतात, त्या सगळ्या घालवून टाकायच्या नसतात. भीती वाटते म्हणून आपण दोन्हीकडे बघून रस्ता ओलांडतो. चूक झाल्याची टोचणी लागते म्हणून माफी मागतो. चाळीस वर्षं सोबत असलेला जोडीदार गेल्यावर मावशीला रडू येणं स्वाभाविकच होतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास आपली उपचारपद्धती मांडायला सुरुवात केली. महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी ती शिकवून रुजवली. दुःख होणं आणि दुःखानं आयुष्य थांबणं या दोन वेगळ्या अवस्था आहेत, यावर त्या पद्धतीचा मोठा भर आहे.

नैराश्य हा शब्द आपण सैल वापरतो. भारत मॅच हरला तरी ‘डिप्रेशन आलं’ म्हणतो. डॉक्टरांच्या भाषेत नैराश्य म्हणजे किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ मन उदास असणं किंवा कशातच रस न वाटणं. त्याच्या जोडीला झोप, भूक, ताकद आणि एकाग्रता बिघडते, स्वतःविषयी फार वाईट वाटतं, कधी जगणंच नको होतं. त्याच्या अलीकडे जे असतं त्याला या लेखापुरतं ‘मन उतरणं’ म्हणू. दोन्हींत फरक खोलीचा आहे. खाली नेणारी वाट मात्र बऱ्याच अंशी एकच आहे.

उपसा थांबलेली विहीर

ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना हे सांगावं लागणार नाही: विहिरीचा उपसा चालू असतो तोवर झरे मोकळे राहतात. वर्षभर पाणीच काढलं नाही तर पाणी साठून राहील असं वाटतं, पण गाळ बसतो आणि झरे बुजतात.

मनाचे झरे म्हणजे बारीकसारीक गोष्टी. सकाळी दूध आणायला गेल्यावर दुकानदारानं केलेली चौकशी, भाजी निवडताना जिन्यात झालेल्या गप्पा, आपण केलेल्या आमटीला मिळालेली दाद, वेळेत पूर्ण झालेलं एखादं काम. यातली कुठलीही एक गोष्ट गेल्यानं काही बिघडत नाही. पण मोठा आघात होतो, नोकरी जाते, आजारपण येतं, माणूस जातं, आणि आपण एकेक गोष्ट सोडत जातो. सोडल्यामुळे आनंदाचे आणि समाधानाचे क्षण कमी होतात. ते कमी झाल्यामुळे मन आणखी उतरतं, आणि उतरलेलं मन आणखी दोन गोष्टी सोडायला लावतं. अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठात पीटर लेविनसन यांनी १९७०च्या दशकात नैराश्याची मांडणी अशी केली.

हे चक्र तोडणं अवघड जातं, कारण टाळल्यानं लगेच सुटल्यासारखं वाटतं. मैत्रिणीचा फोन वाजतो. बोलायचं त्राण नसतं, आपण तो वाजू देतो. वाजायचा थांबला की हायसं वाटतं. हे हायसं वाटणं खरं असतं, म्हणूनच दुसऱ्या वेळी हात फोनकडे जात नाही. संध्याकाळी त्याची रुखरुख लागते. आठवड्यानं तिचा फोन येणं बंद होतं. मग मन म्हणतं, बघ, कुणालाच तुझी आठवण नाही.

म्हणून उपचाराचं एक टोक कृतीकडून पकडायचं. मन बदलेपर्यंत थांबण्याऐवजी, सोडलेल्या गोष्टी ठरवून, थोड्या थोड्या, पुन्हा सुरू करायच्या. शास्त्रीय भाषेत याला ‘बिहेविअरल ॲक्टिव्हेशन’ म्हणतात. मी पुढे नुसतं ‘कृतीची वाट’ म्हणेन. १९९६ साली नील जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वॉशिंग्टन विद्यापीठात १५० रुग्णांवर एक तुलना केली. विचार बदलण्याची पूर्ण उपचारपद्धती आणि त्यातला फक्त कृतीचा भाग, असं दोन्ही तपासलं. नुसता कृतीचा भागही पूर्ण उपचाराइतकाच उपयोगी ठरला. जाणकारांनाही हे अनपेक्षित होतं.

गोव्यातली दहा आरोग्य केंद्रं

अमेरिकेत जमलं ते इथे जमेलच असं नाही. आपल्याकडे मानसोपचारतज्ज्ञ मोजके, तेही शहरात. तालुक्याच्या बाईनं दर आठवड्याला एसटीनं पणजीला किंवा पुण्याला जायचं आणि तासाची फी द्यायची, हे होणार नाही.

गोव्यात १९९६ साली ‘संगथ’ ही संस्था सुरू झाली. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल तिच्या संस्थापकांपैकी. हे उपचार करायला पदवीधर तज्ज्ञच लागतो का, असा प्रश्न त्यांच्या गटानं विचारला. त्यांनी स्थानिक माणसं निवडली, ज्यांना मानसिक आरोग्याचं आधीचं कसलंही शिक्षण नव्हतं. त्यांना काही आठवडे वर्गात शिकवलं, मग देखरेखीखाली सराव करून घेतला. त्यांच्या हाती जो कार्यक्रम दिला त्याचा गाभा हीच कृतीची वाट होती. भेटी सहा ते आठ, प्रत्येक भेट अर्ध्या-पाऊण तासाची, आरोग्य केंद्रात नाहीतर रुग्णाच्या घरी.

मग त्याची परीक्षा घेतली. गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत अंगदुखी, थकवा, डोकेदुखी अशा तक्रारी घेऊन आलेल्यांना नऊ प्रश्नांची एक साधी प्रश्नावली विचारली. ज्यांचं नैराश्य बऱ्यापैकी तीव्र निघालं असे ४९५ जण घेतले. त्यांत बायका बहुसंख्य होत्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एका गटाला डॉक्टरांचे सुधारित नेहमीचे उपचार, दुसऱ्याला तेच उपचार आणि शिवाय या भेटी. तीन महिन्यांनी मोजलं तेव्हा पहिल्या गटात १०० पैकी ३९ जण नैराश्याच्या रेषेखाली आले होते. भेटी मिळालेल्या गटात ६४. कामाचे बुडणारे दिवस कमी झाले होते, आत्महत्येचे विचारही कमी झाले होते. हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि वर्षभरानंतरही फायदा टिकून असल्याचं पुढच्या पाहणीत दिसलं. वर्षानंतर दिसलेल्या या फायद्यात निम्म्याहून अधिक वाटा, माणूस सोडलेल्या गोष्टी पुन्हा किती करू लागला, याचा होता.

हेही लक्षात ठेवायला हवं की भेटी मिळूनही १०० पैकी ३६ जणांना तीन महिन्यांत पूर्ण उतार पडला नव्हता. सगळ्यांना लागू पडेल असं एकच एक औषध मनासाठी नाही. तरीही खेड्यापाड्यातल्या माणसाला, गावातल्याच माणसाकडून, महागडी यंत्रं नसताना मिळालेला हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

दिवसाची वही

मावशी पुढे मिरजेतल्याच एका समुपदेशक बाईंकडे गेली. त्यांनी पहिल्या आठवड्यात काहीही बदलायला सांगितलं नाही. फक्त एक वही करायला सांगितली. तासातासाला काय केलं ते एका ओळीत लिहायचं आणि शेजारी मन कसं होतं त्याचा आकडा, शून्य ते दहा.

ती वही मी नंतर पाहिली. दोनशे पानी, चौकटीची. एका मंगळवारी लिहिलं होतं: ‘२ ते ४ पडून होते. मन २.’ खाली: ‘४॥ शेजारच्या मुलीचे पाढे घेतले. मन ५.’ त्याच्याखाली: ‘६ टीव्ही. मन ३.’ तोवर मावशी सगळ्यांना सांगत होती की दिवस सगळाच सारखा जातो, काळा. वहीनं दाखवलं की दिवसाला चढउतार होते. उतरलेलं मन ही वरखाली रेघ सपाट करून आठवतं, म्हणून ती कागदावर लागते. आणि पडून राहिल्यानं विश्रांती मिळते असं तिला वाटत होतं, पण आकडा दर वेळी खालीच होता.

दुसऱ्या आठवड्यापासून कामाला सुरुवात झाली. ‘गुरुवारी मंडळात जाणे’ हे बाईंनी लिहूच दिलं नाही, ते फार मोठं होतं. त्याचे तुकडे केले. सोमवारी सकाळी दहा वाजता पेटीवरची खोळ काढून गच्चीत झटकायची. बस. मंगळवारी पेटी कोरड्या फडक्यानं पुसायची. बुधवारी भाता सोडून फक्त सा धरायचा.

बुधवारी कळलं की मधल्या सप्तकातली एक काळी पट्टी दाबली की वर येत नाही. पावसाळाभर न वाजवलेल्या पेटीचं असं होतं. आता मिरज म्हणजे वाद्यं करणाऱ्यांचं गाव, सतार आणि तंबोऱ्यासाठी लोक कुठून कुठून तिथे येतात. मावशी पेटी रिक्षात घालून दुरुस्तीला घेऊन गेली. काका गेल्यानंतर स्वतःच्या कामासाठी ती पहिल्यांदा घराबाहेर पडली, ती अशी. त्या दिवशीच्या ओळीपुढे आकडा आहे ४. फार नाही. पण तिनं त्या चारखाली रेघ मारली आहे.

या वाटेच्या खाचाखोचा तिच्याच उदाहरणात आहेत. काम इतकं लहान करायचं की मन दोनवर असतानाही होईल. वेळ आणि जागा ठरवून कागदावर लिहायची. ‘जमेल तेव्हा’ म्हटलेलं उतरलेल्या मनाला कधीच जमत नाही. आणि निकाल मनाच्या आकड्यावरून लावायचा नाही, काम झालं की नाही यावरून लावायचा. पहिल्या चार-सहा वेळा काहीच वाटत नाही. इथेच बहुतेक जण सोडतात आणि म्हणतात, करून बघितलं, काही उपयोग नाही.

गोष्टी कुठल्या निवडायच्या? काही निव्वळ सुखाच्या, जसं गच्चीत बसून चहा. काही ‘हे मला जमलं’ असं वाटायला लावणाऱ्या, जसं लाइटचं बिल भरून टाकणं. आणि काही माणसांत नेणाऱ्या. कुणाला यात व्यायाम येईल, कुणाला बाग, कुणाला नमाज किंवा हरिपाठ. आपण पूर्वी कशात रमायचो, याची यादी प्रत्येकाची वेगळी. माझ्या मते दुसऱ्याची यादी उचलण्यात अर्थ नाही, मग ती कितीही प्रसिद्ध माणसाची असो.

"अंगात ताकदच नसते, करणार कसं?"

ही तक्रार खरी आहे आणि तिला आळस म्हणणं हा अन्याय आहे. नैराश्यात हातपाय शिशाचे होतात, दात घासणंही डोंगराएवढं वाटतं.

बॅटरी उतरलेली गाडी आठवा. किल्ली फिरवून ती सुरू होत नाही. चार माणसं धक्का मारतात, इंजिन धडधडतं, आणि मग तेच इंजिन चालता चालता बॅटरी भरतं. बॅटरी भरायची वाट बघत गाडी उभी ठेवली तर ती आपोआप भरत नाही. धक्का आपला आपल्याला मारता येत नसेल तर तो दुसऱ्यानं मारायचा. गोव्यात त्या भेटींचं काम तेच होतं.

"मी तर दिवसभर कामातच असते"

हा आक्षेप मी बायकांकडून सर्वांत जास्त ऐकते, आणि तो बिनतोड आहे. पहाटे पाचला उठून डबे, पाणी भरणं, सासूबाईंची औषधं, नोकरी, परत येऊन स्वयंपाक. एवढं करून मन उतरलेलंच. मग आणखी काय करायचं?

आणखी काही करायचं नाही. विहिरीतून पाणी काढलं जातंय, पण सगळं दुसऱ्याच्या रानात चाललंय. अशा वेळी वहीतला आकडा बघायचा. कुठलं काम केल्यावर तो वर जातो, कुठलं केल्यावर जागचा हलत नाही. त्यातलं एखादं काम दुसऱ्यावर सोपवायचं आणि मोकळी झालेली वीस मिनिटं स्वतःच्या नावावर लिहायची. घरात यावर वाद होऊ शकतो. तो घालावा असं मला मनापासून वाटतं. नवऱ्यानं आणि मोठ्या मुलांनी स्वतःचं ताट धुणं हा या बाईच्या उपचाराचा भाग आहे.

रवंथ

गाय बसल्या बसल्या खाल्लेलं पुन्हा तोंडात आणून चघळते, तिचं त्यानं पचन होतं. माणूसही तसं करतो. "तो असं का म्हणाला? मीच कशी मूर्ख? माझ्याच वाट्याला का?" चघळलं जातं, पचत मात्र नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं माणूस विचार करतोय, त्याला स्वतःलाही तसंच वाटतं.

सुझन नोलन-होक्सेमा या मानसशास्त्रज्ञांनी याचा आयुष्यभर अभ्यास केला. त्यांच्या बाबतीत एक विलक्षण योग जुळून आला. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांची त्यांनी पाहणी केली होती: मन उदास झालं की तुम्ही काय करता, विचार चघळत बसता की काही करायला लागता? त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी, १७ ऑक्टोबर १९८९ला, त्याच भागात मोठा भूकंप झाला. त्यांनी त्याच विद्यार्थ्यांना पुन्हा गाठलं. ज्यांना आधीपासून रवंथाची सवय होती, त्यांच्यात भूकंपानंतर नैराश्याची लक्षणं जास्त होती. दहा दिवसांनीही आणि सात आठवड्यांनीही. भूकंप सगळ्यांनी एकच अनुभवला होता.

विचार आणि रवंथ यांत फरक कसा ओळखायचा? समुपदेशक एक साधी कसोटी सांगतात. दोन-चार मिनिटं विचार केल्यावर थांबायचं आणि बघायचं: काही नवं उमगलं का? उद्या करायची एखादी गोष्ट ठरली का? दोन्हीचं उत्तर नाही असेल तर तो रवंथ. तेव्हा स्वतःला रागवायचं नाही, जागेवरून उठायचं. हातांना काम द्यायचं, लसूण सोलायचा, कपडे घड्या करायचे, आणि लक्ष मुद्दाम हातात आणायचं: सालीचा आवाज, कापडाचा गारवा. रवंथाला अंथरूण आणि अंधार फार मानवतात. म्हणून रात्री वीसेक मिनिटं झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसावं, झोप आली की परत यावं.

"असले विचारच मनात आणू नकोस"

हा सल्ला प्रेमानं दिला जातो, तरी तो देऊ नये. १९८७ साली अमेरिकेतल्या डॅनियल वेगनर यांनी विद्यार्थ्यांना सांगितलं, पाच मिनिटं मनात येईल ते बोला, फक्त पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. आलाच तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. आणि नंतर विचार करायला मोकळीक दिली, तेव्हा आधी दाबून धरलेल्यांच्या मनात अस्वल जास्तच वेळा आलं. विचार आलाय की नाही हे तपासायला मनाला तो विचारच धरून ठेवावा लागतो.

दाबण्याऐवजी भावनेला नाव देऊन बघावं. २००७ साली मॅथ्यू लीबरमन यांच्या गटानं मेंदूची चित्रं घेऊन पाहिलं की समोरच्या चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द दिला, की धोक्याची घंटा वाजवणारा मेंदूतला भाग थोडा शांत होतो.

आणि शब्दांच्या बाबतीत आपली भाषा किती श्रीमंत आहे! काही करायचं राहून गेलं की चुटपुट लागते. चुकल्यासारखं वाटत राहतं ती रुखरुख. कारण सापडत नाही, संध्याकाळी दिवे लागताना दाटून येते ती हुरहुर. दोन्हीकडून ओढ लागते तेव्हा घालमेल होते. दुसऱ्याचं नुकसान बघून हळहळ, आपल्या हातून झालेल्याची खंत, रोजच्या कटकटीचा वैताग, काही सुचेनासं झालं की तगमग. ‘मला टेन्शन आलंय’ या एका वाक्यात आपण हे सगळं कोंबतो. पण शब्द नेमका सापडला की पुढची पायरी दिसते. चुटपुट असेल तर राहिलेलं काम अजून करता येतं. खंत असेल तर माफी मागता येते. हुरहुर असेल तर काही करायचं नसतं, ती थोड्या वेळानं ओसरते.

राग बाहेर काढला की मोकळं वाटतं ना?

कुणाजवळ तरी बोलल्यानं मन मोकळं होतं, हे खरं आहे. आदळआपट केल्यानं राग निघून जातो, हे मात्र तपासात टिकलं नाही. २००२ साली ब्रॅड बुशमन यांनी चिडवलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींना, ज्यानं चिडवलं त्याचा विचार करत, बॉक्सिंगच्या पिशवीवर ठोसे मारायला सांगितले. काहींना नुसतं शांत बसवलं. ठोसे मारणारे शेवटी जास्त रागात होते. ठोशांसोबत रवंथही चालू होता. मैत्रिणीशी बोलतानाही तेच होऊ शकतं: रोज तोच किस्सा, त्याच शब्दांत, तासभर. एकदा सगळं सांगून झालं की दुसऱ्यांदा ‘मग आता काय करूया’ इकडे वळणारी मैत्रीण खरी उपयोगाची.

परिस्थितीच वाईट असेल तर?

कर्ज डोक्यावर आहे, पीक गेलंय, नवरा मारतो. अशा माणसाला वही आणि गच्चीतला चहा सांगणं म्हणजे त्याच्या दुःखाची थट्टाच, असं कुणी म्हणेल. मलाही हा प्रश्न बराच काळ छळत होता.

एक म्हणजे, गोव्यातले समुपदेशक अडचणी बाजूला ठेवत नव्हते. अडचण नेमकी काय, तिचे तुकडे कसे करायचे, मदत कुणाकडे मागायची, हेही त्याच भेटींत चालायचं. दुसरं म्हणजे, बँकेत जाऊन कर्जाच्या पुनर्गठनाचा अर्ज भरायलाही उठून उभं राहावं लागतं. नैराश्य माणसाच्या हातून नेमकी तीच ताकद काढून घेतं. कृतीची वाट कर्ज फेडत नाही, पण अर्ज घेऊन रांगेत उभं राहण्याइतकं बळ परत आणू शकते. मारहाणीच्या घरात मात्र पहिली कृती सुरक्षित जागी जाणं हीच, बाकी सगळं नंतर. आणि पिकाला भाव मिळणं, नोकऱ्या असणं, बाईच्या अंगावर हात न पडणं हे समाजाचं आणि सरकारचं काम आहे. ते एकट्यादुकट्याच्या वहीवर ढकलता येणार नाही.

घरगुती उपायांनी भागत नाही तेव्हा

दोन आठवडे उलटूनही मन वर येत नसेल, झोप आणि जेवण बिघडलं असेल, कामावर जाणं जमत नसेल, तर डॉक्टरांना दाखवायला हवं. थायरॉइड किंवा रक्तातलं लोह कमी असलं तरी माणूस असाच मलूल होतो, म्हणून साधी रक्ततपासणीही उपयोगी पडते. औषधांची गरज लागली तर ती घ्यावीत आणि मनानं बंद करू नयेत. औषध आणि कृतीची वाट एकमेकांच्या आड येत नाहीत. तीव्र नैराश्यात औषधानं थोडं बळ आल्यावरच माणूस पहिलं पाऊल टाकू शकतो, असंही होतं.

मरणाचे विचार येत असतील तर आठवडाभरही थांबू नये. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झाली. १४४१६ हा तिचा क्रमांक. दिवसरात्र चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. हा आकडा फ्रिजवर, गॅस सिलिंडरच्या नंबराशेजारी लिहून ठेवायला हरकत नाही. घरात कुणी तसं बोललं तर "असं बोलू नये" म्हणून विषय बदलू नका. "मरावंसं वाटतं का?" असं सरळ विचारलं तर डोक्यात नसलेला विचार भरवला जात नाही. उलट, कुणीतरी विचारलं याचंच अनेकांना हलकं वाटतं. मग त्या माणसाला एकटं सोडायचं नाही आणि घरातली कीटकनाशकं, गोळ्या त्याच्या हातापासून दूर ठेवायच्या.

घरच्यांसाठी

‘काहीतरी कर’ याऐवजी ‘चल’ म्हणा. ‘तुला कधी वाटलं तर फोन कर’ याऐवजी ‘शुक्रवारी साडेपाचला येतो, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ’ म्हणा. तो नाही म्हणाला तर पुढच्या शुक्रवारी पुन्हा या. ‘आज कसं वाटतंय?’ हा प्रश्न रोज विचारला की माणूस दिवसभर स्वतःचंच मन तपासत बसतो. त्यापेक्षा आज काय काय केलं, ते विचारा.

मावशीला आता मी तेच विचारते. परवा गुरुवारी रात्री साडेनऊला तिचाच फोन आला. देवळातला गलका मागे ऐकू येत होता. मंडळात एक नवी मुलगी आली आहे, आवाज गोड आहे पण पट्टी फार वरची आहे, काळी पाचला गाते, बाकीच्या बायकांना ओढत नाही, असं ती सांगत होती. मग घाईघाईनं म्हणाली, "ठेवते गं, आरती सुरू होतेय."